मास्तर, त्या हाताचे मार्क कापू नका

प्रश्न : मी सांगलीचा. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला शेकड्यांनी मुलं बसवली. नातवाने तोक्योहून एक पोस्टकार्ड आणलं. शाल पांघरलेली लहान मुलगी. शाल अशी, की बोट लावावं तर लोकर लागेल. पण डोकं भोपळ्यासारखं रुंद, डोळे चिंचोळे आणि हात बाहुलीचा. ज्याला लोकर इतकी जमते त्याला हात जमू नये? माझ्या वर्गात असता तर मार्क कापले असते. मागे छापलंय त्यातलं 'रेइको, १९२१' एवढंच लागलं. हा चित्रकार कोण? याला वास्तववादी का म्हणतात?

उत्तर : मास्तर, तुमचं पत्र आलं आणि मी आधी भिंग शोधलं. माझ्याकडेही या चित्राची छापील प्रत आहे. भिंगाखाली शाल धरली की लोकरीची वीण वेगळी, काठाचा तांबडा धागा वेगळा, आणि जिथे विणकाम ढिलं पडून धागा बाहेर आलाय तोही रंगवलेला. मग भिंग हळूच खाली सरकवायचं. शालीतून एक इवलासा हात बाहेर आलाय, त्यात हिरवं, कच्चं संत्रं. मनगट जवळजवळ नाहीच. तुमचं म्हणणं सोळा आणे खरं, हात लहान आहे. पण तो चुकून लहान झालेला नाही.

चित्रकाराचं नाव किशिदा र्‍यूसेई. किशिदा हे आडनाव; जपानीत ते आधी येतं. तिथली माणसं त्याला नुसतं र्‍यूसेई म्हणतात, आपण 'पुलं' म्हणतो तसं. जन्म १८९१चा, तोक्योच्या गिन्झा पेठेतला. आज गिन्झा म्हणजे महागड्या दुकानांची झगमग. तेव्हा ती परदेशी थाटाच्या विटांच्या इमारतींची नवी पेठ होती. वडील किशिदा गिन्को हे भलतंच रंगीत प्रकरण. डोळे बिघडले म्हणून योकोहामातल्या हेपबर्न या अमेरिकन डॉक्टर-मिशनऱ्याकडे गेले, आणि त्याच्याच जपानी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामाला लागले. तो कोश १८६७ मध्ये छापून झाला. पुढे १८७४च्या तैवान मोहिमेत ते वार्ताहर म्हणून गेले. आणि हेपबर्नकडून मिळालेल्या कृतीने बनवलेलं डोळ्यांचं औषध गिन्झात दुकान थाटून विकलं. 'सेइकिसुइ' असं त्या औषधाचं नाव. बाप डोळ्यांचं औषध विकणारा आणि मुलगा चित्रकार, यावर कोटी करायचा मोह मी आवरतो.

१९०५ साली आई आणि वडील दोघंही गेले. पोरगा चौदाचा. पुढच्याच वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. धर्मोपदेशक व्हावं असंही काही काळ त्याच्या मनात होतं. १९०८ मध्ये तो कुरोदा सेइकी यांच्या चित्रशाळेत दाखल झाला. कुरोदा पॅरिसला राफाएल कोलाँकडे शिकून आलेले. उन्हातल्या सावल्या काळ्या न करता जांभळ्या करायच्या, हे त्यांनी जपानला शिकवलं, म्हणून त्यांच्या शिष्यांना लोक 'जांभळी मंडळी' म्हणत. १९१० साली सरकारी प्रदर्शनात र्‍यूसेईची दोन चित्रं लागली. एकोणिसाव्या वर्षी एवढं झालं की पुढची वाट मळलेली असते. त्याने ती सोडली.

ती का सोडली हे दुसऱ्या प्रश्नात येईल. इथे हाताचं बघू.

१९१६चं त्याचं एक व्यक्तिचित्र आहे, मित्र कोया योशिओचं. पुढे वैद्यकात नाव काढलेला हा गृहस्थ चित्रात गवताची एक बारीक काडी चिमटीत धरून बसलाय. ती बोटं बघा. नखं, पेरं, पेरांवरच्या सुरकुत्या, काडीभोवती बोटांचा हलका दाब. पैकीच्या पैकी द्याल. म्हणजे हात काढता येत नव्हता हा आरोप निकालात निघाला. ज्याला येतो तोच पाच वर्षांनी पोरीचा हात लहान करतो.

मधल्या काळात घडलं ते असं. १९१६ मध्ये डॉक्टरांनी क्षयाचं निदान केलं. उघड्यावर बसून निसर्गचित्र रंगवायला बंदी. मग हा माणूस घरात सफरचंदं मांडून बसला. तुमच्या भाषेत वस्तुचित्र. त्यातल्या एका चित्राचं नावच 'बरणीवर सफरचंद ठेवलेलं आहे' अशा अर्थाचं आहे. आहे, बस. कोणी ठेवलं, का ठेवलं, काही नाही. चित्र बघताना नेमकं तेच वाटतं : हे सफरचंद इथे आहे, आणि ते असणं जरा चमत्कारिकच आहे. बघता बघता वस्तू परकी वाटू लागते, तो क्षण त्याला हवा असायचा. १९१७च्या फेब्रुवारीत हवापालटासाठी कुटुंब तोक्योच्या नैर्ऋत्येला, समुद्रकाठच्या कुगेनुमाला राहायला गेलं. रेइको तीन वर्षांची होत आली होती. पुढच्या वर्षी त्याने तिला तेलरंगात पहिल्यांदा मनासारखं रंगवलं. हातात इवलंसं फूल घेतलेली. त्यानंतर तो थांबलाच नाही. तेलरंग, जलरंग, पेन्सिल. बसलेली, उभी, किमोनोतली, शालीतली. शेजारच्या कोळ्याची पोर ओमात्सु रेइकोची खेळगडी होती, तीही त्याच्या तावडीतून सुटली नाही.

रेइकोचे त्या वयातले फोटो आहेत. चारचौघींसारखी, नाकीडोळी नीटस पोर. मग चित्रात अशी का? इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हा माणूस युरोपला कधीच गेला नाही. ज्यांना त्याने गुरू मानलं ते सगळे, ड्युरर, व्हान आइक, लिओनार्दो, त्याला छापील चित्रांतून भेटले. मूळ कॅनव्हास समोर नाही, त्यामुळे रंगाचा थर किती, कुंचला कसा फिरला, काही कळायला मार्ग नाही. उरते ती फक्त एकटक बघायची सवय. ती त्याने उचलली आणि घरच्या लोकरीवर, फळावर, पोरीच्या गालावर चालवली. 'रेइकोचं स्मित' हे तुमच्या पोस्टकार्डावरचं चित्र फक्त ४४ बाय ३६ सेंटीमीटरच्या आसपास आहे. त्यातलं ओठांच्या कोपऱ्यातलं हसू मोना लिसाकडून आलेलं आहे, हे कुणी सांगायला नको.

पण नुसती मोना लिसा असती तर चित्र गोड झालं असतं. त्याच सुमारास त्याला जुनी चिनी चित्रं भेटली. युआन काळातल्या येन हुई या चित्रकाराच्या नावावर हानशान आणि शितं या दोन अवलिया फकिरांची चित्रं आहेत : विस्कटलेले केस, फाटके कपडे, आणि तोंडभर असं हसू की माणूस शहाणा की खुळा ठरवता येऊ नये. र्‍यूसेईने १९२२ मध्ये रेइकोला चक्क तशी रंगवली. केस पिंजारलेले, दात दिसताहेत. त्या चित्रासमोर तुमचं पोस्टकार्ड म्हणजे लग्नासाठी दाखवायला काढलेला फोटो वाटेल. त्याने आपल्याला आवडणाऱ्या या प्रकाराला एक शब्द वापरला : 'देरोरी'. लिबलिबीत, चिकट, ओघळणारं, किंचित शिसारी आणणारं आणि तरीही नजर खिळवणारं. आपल्या 'लिबलिबीत'मध्ये नुसती किळस आहे. त्याच्या शब्दात मोह पण आहे. पूर्वेकडच्या जुन्या चित्रांत, सुरुवातीच्या जपानी उकियो-ए चित्रांमध्ये त्याला हे दिसलं.

तर हात लहान आहे, कारण त्याला डोकं आणि शाल यांचं वजन वाढवायचं होतं. चेहरा रुंद आहे, कारण ती सात वर्षांची पोर आणि हजार वर्षांची कुणीतरी, अशी दोन्ही एकदम दिसायला हवी होती. आणि शाल हुबेहूब आहे म्हणूनच हे सगळं खरं वाटतं. शाल ढिसाळ असती, तर तुम्ही पोस्टकार्ड बाजूला ठेवलं असतं आणि मला पत्रही लिहिलं नसतं. हा माझा तर्क. पण चित्र भिंगाखाली बघताना दुसरं काही सुचत नाही.

मार्कांचं म्हणाल, तर त्यासाठी वेगळी परीक्षा लागेल.

प्रश्न : हा एकटाच असा होता, की बरोबर कोणी मंडळी होती?

उत्तर : मंडळी होती आणि मोठी मजेची होती. १९१०च्या एप्रिलमध्ये 'शिराकाबा' नावाचं मासिक निघालं. शिराकाबा म्हणजे पांढऱ्या सालीचा भूर्जवृक्ष. मुशानोकोजी सानेआत्सु, शिगा नाओया, यानागी मुनेयोशी असे उमराव घराण्यांतले, खात्यापित्या घरचे तरुण लेखक ते चालवत. साहित्याचं मासिक, पण त्यात सेझान, व्हान गॉख, रोदँ यांच्या कामांचे फोटो छापून यायचे. रोदँवर त्यांनी खास अंक काढला, वर त्याला तीस उकियो-ए छापचित्रं भेट पाठवली. म्हाताऱ्याने उलट तीन छोटी ब्राँझ शिल्पं धाडली. १९११च्या डिसेंबरात ती पोचली. विशीतल्या पोरांच्या मासिकाला! त्यांना आकाश ठेंगणं झालं असेल तर नवल नाही.

त्याच वर्षी र्‍यूसेई या मंडळींत ओढला गेला. या भेटीला तो पुढे आपला दुसरा जन्म म्हणायचा. शिल्पकार आणि कवी ताकामुरा कोतारो याने कान्दा भागात 'रोकान्दो' हे छोटं कलादालन काढलं होतं. कुणी सूर्य हिरवा रंगवला तरी माझी हरकत नाही, असं १९१०च्या लेखात ठणकावणारा तो हाच. तिथे १९१२ मध्ये र्‍यूसेईचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'फ्यूझानकाई' ही चित्रकारांची संस्था उभी राहिली. फ्यूझाँ म्हणजे फ्रेंचमध्ये चारकोल. सैतो योरी, ताकामुरा, किमुरा शोहाची, योरोझु तेत्सुगोरो हे सगळे तिच्यात. भडक रंग, जाड फटकारे, सरकारी प्रदर्शनाच्या नाकावर टिच्चून. दोन प्रदर्शनं झाली आणि १९१३ मध्ये आपसात बिनसून दुकान बंद. नव्या कलेच्या संस्था किती टिकतात याचा आपल्याकडचाही अनुभव काही वेगळा नाही.

मग सुरू झाली ती 'मुंडकी-शिकार'. हे माझे शब्द नव्हेत, त्याच्या मित्रांनीच तसं नाव पाडलं होतं. १९१३-१४च्या काळात जो घरी येईल त्याला हा बसवायचा आणि चेहरा रंगवायचा. पाहुणा चहा प्यायला यायचा आणि डोकं ठेवून जायचा. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच त्या वेळी जपानात होता. त्याचंही मुंडकं १९१३ मध्ये पडलं. कोणी मिळालं नाही तर आरशातला स्वतःचा चेहरा होताच. ही चित्रं ओळीने लावून बघितली की गंमत कळते. सुरुवातीची लीचच्या चित्रासारखी, व्हान गॉखच्या धाटणीची, रंग थापलेले. मग हळूहळू फटकारे बारीक होत जातात, कपाळावरची शीर दिसू लागते, डोळ्यातला ओलसर ठिपका दिसतो. माणूस पाश्चात्त्य चित्रकलेच्या इतिहासात उलटा चालत गेला : सेझानकडून निघाला आणि ड्युररच्या दारात जाऊन बसला. इकडे पॅरिसमध्ये क्यूबिझम जुना व्हायला आला होता. तोक्योतले बाकीचे तरुण तिकडे धावत होते. हा म्हणाला, मी इकडे.

आणि आश्चर्य म्हणजे पोरं त्याच्या मागे गेली. १९१५च्या ऑक्टोबरात पहिलं प्रदर्शन झालं आणि त्यातूनच 'सोदोशा' म्हणून मंडळ नावारूपाला आलं. 'सो' म्हणजे गवत, 'दो' म्हणजे माती. गवत-माती मंडळ! नाव तंतोतंत लागू, कारण ही मंडळी खरोखर शहराबाहेरची उघडी लाल माती आणि तिच्यावरचं खुरटं गवत काडी-काडीने रंगवत बसायची. किमुरा शोहाची होता. नाकागावा काझुमासा होता. कुठल्या शाळेत न शिकलेला हा पोरगा, त्याचं साके दारूच्या कोठाराचं चित्र एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून र्‍यूसेईने उचलून धरलं होतं. योनेझावाहून आलेला त्सुबाकी सादाओ, ड्युररसारखं स्वतःला रोखून बघणारा कोनो मिचिसेइ, योकोबोरी काकुजिरो. त्सुबाकी आणि योकोबोरी तर र्‍यूसेईच्या मागोमाग कुगेनुमालाच राहायला गेले. तिथे अंगणात सुमोचा आखाडा आखून कुस्त्या चालायच्या. क्षयाचा रोगी कुस्ती खेळतोय, तेव्हा निदान किती पक्कं होतं याची मला शंकाच आहे.

टीकाकार चेष्टा करत, की सोदोशाच्या प्रदर्शनात एकच चित्रकार असतो, फक्त सह्या निरनिराळ्या. त्यात तथ्य होतं. गुरूचा हात शिष्यांच्या हातावर एवढा जड बसला, की त्सुबाकीची काही चित्रं आजही पटकन ओळखू येत नाहीत. मला विचाराल तर मंडळातला सगळ्यात मोकळा माणूस नाकागावा. तो पुढे गुलाब आणि सूर्यफुलं रंगवत ९७ वर्षं जगला, १९९१ मध्ये गेला. किमुराने वेगळी वाट धरली : नागाई काफूच्या 'बोकुतो किदान' या कादंबरीसाठी १९३७ मध्ये त्याने काढलेली वर्तमानपत्रातली चित्रं जपानी वाचक अजून काढून बघतात.

सोदोशाची नऊ प्रदर्शनं झाली. १९२२ मध्ये 'शुन्योकाई' ही मोठी संस्था निघाली, हे सगळे तिच्यात गेले आणि गवत-माती मंडळ विरघळलं. पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर १९२३ला दुपारी बाराच्या ठोक्याला दोन मिनिटं कमी असताना कान्तोचा भूकंप झाला. कुगेनुमाचं घर कोसळलं, माणसं वाचली. कुटुंब क्योतोला गेलं. तिथे र्‍यूसेई जुनी चिनी चित्रं आणि उकियो-ए गोळा करू लागला, चहागृहांत जाऊ लागला, दारू वाढली, तेलरंग कमी झाले. शुन्योकाईतही त्याचं १९२५ मध्ये फिसकटलं. १९२६ मध्ये कामाकुरा. १९२९ मध्ये दक्षिण मांचुरिया रेल्वेच्या निमंत्रणावरून तो मांचुरियाला गेला. आयुष्यातला पहिला परदेश प्रवास, आणि परतताना यामागुची प्रांतातल्या तोकुयामा गावी आजारी पडून २० डिसेंबरला गेला. वय ३८. त्याच वर्षी त्याने सोळा वर्षांच्या रेइकोचं चित्र केलं होतं. सोळा हे जपानी मोजणीने, आपल्या हिशेबात चौदा-पंधरा. रेइको पुढे स्वतः चित्रकार झाली. वडिलांवरचं तिचं पुस्तक १९६२ मध्ये आलं आणि त्याच वर्षी तीही गेली.

प्रश्न : त्या काळच्या जपानी चित्रकारांचा आपल्या महाराष्ट्राशी काही संबंध आला होता का?

उत्तर : र्‍यूसेईचा नाही. पण सोदोशाची पोरं तोक्योच्या कडेच्या योयोगीची माती रंगवत होती, तेव्हाच दुसऱ्या पंथाचा, म्हणजे जपानी परंपरेत रंगवणारा आराई कान्पो हा चित्रकार रवींद्रनाथांच्या आमंत्रणावरून भारतात आला होता, आणि १९१७-१८च्या हिवाळ्यात अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होता. त्याच्यासोबत काम केलेल्या नोसु कोसेत्सुने पुढे सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराच्या भिंती रंगवल्या, त्या आजही आहेत. अजिंठ्याच्या प्रती मात्र नाहीत. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि ज्या भूकंपाने र्‍यूसेईचं घर पाडलं त्याच भूकंपाच्या आगीत जळाल्या.

प्रश्न : नातवाने दुसरं पोस्टकार्डही आणलंय : चढाचा लाल मातीचा रस्ता, बाजूला पांढरी भिंत. रस्त्यावर आडवे दोन काळे पट्टे आहेत. ते कसले?

उत्तर : विजेच्या खांबांच्या सावल्या. खांब चित्राच्या चौकटीबाहेर आहेत, म्हणून कळत नाही. १९१५चं हे चित्र, अवघं ५६ बाय ५३ सेंटीमीटर, आता तोक्योच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. डोंगर कापून नवा रस्ता काढलेला, शहर वाढत वाढत इथवर आलेलं. मातीचा काप अजून ओला, कडेला गवताचे झुपके. तुमच्या डोळ्याला खटकलं असेल की रस्ता चढत नाही, समोर भिंतीसारखा उभाच राहतो. खरंच तसा आहे. खालचा भाग वरून वाकून बघितल्यासारखा, वरचा भाग समोरून. दोन नजरा एकाच चित्रात. (पर्स्पेक्टिव्हचेही मार्क कापाल.)

तो उतार योयोगीत अजून आहे, ओदाक्यू लाइनच्या सांगूबाशी स्टेशनजवळ. आता डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि कडेला एक छोटा फलक. नातू पुन्हा गेला तर त्याला उतरत्या उन्हात उभं राहून बघायला सांगा, सावल्या कुठे पडतात ते.